डबा रिकामा आला

हलिमानं डबा टेबलावर ठेवला, "बीबी ताउसीनं दिलाय," एवढंच म्हणाली आणि डोक्यावरची बादली सावरत पंपाच्या वाटेला लागली. मी तेव्हा एका म्हाताऱ्याच्या कानात औषध घालत होते. त्याला बाकावर आडवं करून हात पुसले, डबा उचलला आणि उचलल्याबरोबर हाताला कळलं. तरी झाकण काढून पाहिलंच. आत काही नव्हतं. राखेनं घासून लख्ख केलेला, कोरडा डबा.

"नीमा!" मी ओरडले. "इकडे ये आधी."

नीमा म्हणजे आमच्या दवाखान्याची मुख्य नर्स. वयानं माझ्या मुलापेक्षा लहान, पण गावातली निम्मी पोरं हिच्याच हातावर जन्मलेली. ती मला 'मामा' म्हणायची. तिकडे मामा म्हणजे आई, पण कोल्हापूरकडच्या बाईला ते अंगवळणी पडायला वेळ लागतो.

"काय झालं मामा?"

मी डबा तिच्यापुढे धरला.

"रिकामा आहे," ती म्हणाली.

"तेच तर झालंय."

नीमानं एकदा डब्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तिचाही चेहरा उतरला.

एका रिकाम्या डब्यापायी दोन शहाण्यासुरत्या नर्सांची अशी गाळण का उडावी, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

हे गाव टांझानियातलं, नाव चिवांगा. बाजरी आणि भुईमुगाच्या शेतांमधून विखुरलेली घरं, पाण्याचा एक पंप, एक मशीद, एक चर्च आणि पत्र्याचा दोन खोल्यांचा दवाखाना. निवृत्त नर्सना सहा-सहा महिने अशा ठिकाणी मदतीला पाठवणारी एक संस्था होती. पगार नाही, राहण्या-खाण्याची सोय तेवढी. मी अर्ज केला तेव्हा घरच्यांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. माझे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगा-सून बंगळूरला, आणि गडहिंग्लजच्या घरात मी एकटी. आयुष्यभर चारी बाजूंनी 'सिस्टर, सिस्टर' ऐकलेल्या बाईला दिवसभरात हाक मारायला फक्त गॅसवाला उरला, तर ती काय करेल? मी बॅग भरली.

तिकडे नर्सला 'नेसी' म्हणतात. माझं आडनाव नेसरीकर. पहिले काही दिवस मला वाटलं, लोक लाडानं आडनाव तोडून हाक मारतायत. मी उगाचच फुशारून फिरत होते.

बीबी ताउसी मला भेटली ती पायाच्या जखमेमुळे. बीबी म्हणजे आजी. नडगीवर तळहाताएवढी जुनी जखम, आणि तीन टेकाडं उतरून म्हातारी काठी टेकत एकटी आलेली. मी जखम धुतली, पट्टी बांधली. तोंडावरून दिसत होतं की सकाळपासून पोटात काही नाही. माझ्याकडे घरून आणलेले शेंगदाण्याचे लाडू होते, त्यातले चार डब्यात घालून मी तिच्या हातात दिले. डबा माझ्या रुखवतातला, स्टीलचा. पोटावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं: सौ. सुमित्रा य. नेसरीकर.

दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो उकडलेल्या शेंगांनी गच्च भरून.

आता आमच्या आईनं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, की आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. डबा माझाच होता हे खरं, पण शेंगा तिच्या होत्या ना. मी डब्यात साखर घातली आणि पुढच्या पट्टीच्या वेळी तिला दिला. तो रताळी घेऊन परत आला. मी चहाची पूड घातली. तो अंडी घेऊन आला. तिच्या आईनंही तिला तेच शिकवलेलं असणार, कारण म्हातारी काही केल्या हरेना. मग मीही कशाला हरतेय! हा डबा आमच्या दोघींमध्ये असा पळत सुटला की नीमा एक दिवस कपाळाला हात लावून म्हणाली, "तुम्ही दोघी मिळून एकमेकींना भिकेला लावणार."

शेवटी आम्ही दोघींनीही, न बोलता, हात आखडता घेतला. माझ्याकडून चिमूटभर साखर, तिच्याकडून तळाला चार शेंगदाणे. पण रिकामा कधीच नाही.

जखम भरत आली तरी बीबी यायचीच. दवाखान्यासमोरच्या गोरखचिंचेच्या सावलीत बसायची आणि दुपारी गर्दी ओसरली की मीही तिच्याजवळ शेंगा सोलायला जाऊन बसायचे. मला त्यांची भाषा मोडकीतोडकी यायला लागली होती, आणि माझ्या चुका ऐकायला मिळतात म्हणून बीबी जास्तच बोलायची. एकदा डब्यावरच्या नावावरून बोट फिरवत तिनं विचारलं, "हे काय टोचलंय?"

"माझं नाव आहे गं. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात."

"का? भांडी पळून जातात?"

"शेजारणींकडे मुक्काम करतात."

बीबी हसता हसता ठसका लागेपर्यंत हसली. मग म्हणाली, "आणि रिकामं भांडं? तुमच्यात कधीच देत नाहीत?"

"नाही. साखरेचे चार दाणे तरी घालतो. रिकामं येतं ते फक्त सुतकाच्या घरातून. ज्या घरात कुणी गेलंय, तिथून काही घ्यायचं नसतं. शेजारीपाजारी जेवण पोचवतात आणि भांडी तशीच रिकामी परत आणतात."

बीबीचे हात थांबले. "आमच्या घरातही तसंच," ती म्हणाली. "रेहेमाची आई गेली तेव्हा आख्ख्या गावानं जेवण आणलं होतं. मी सगळ्यांच्या टोपल्या रिकाम्या परत केल्या. एकेक टोपली पुसून, एकेकीच्या हातात."

ही रेहेमा म्हणजे बीबीची नात, बीबीच्या मुलाची, सलूमची मुलगी. लहानपणीच आई गेली, तेव्हापासून बीबीनंच वाढवलेली. आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बीबी स्वतः हाताला धरून तिला तपासायला घेऊन आली. पोरगी लाजाळू, हसली की दोन्ही हातांनी तोंड झाकायची. पण मी तिच्या घोट्यावर अंगठा दाबला तर खड्डा पडला तो भरून येईना. रक्तदाब वाढलेला. नीमानं लघवी तपासली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. आम्हा दोघींनाही सांगायची गरज नव्हती. गरोदरपणातला असा रक्तदाब आवरला नाही तर आकडी येते, आणि आकडीतून आई आणि बाळ दोघंही हातचे जातात. गोळ्या दिल्या, एक दिवसाआड यायला बजावलं.

रेहेमा दोनदा आली. मग यायची बंद झाली. बीबीही येईना.

नीमा त्यांच्या घरी जाऊन आली. सलूमनं दारातच अदबीनं सांगितलं, ती बरी आहे, काळजी नको, आणि पाणीसुद्धा दारातच दिलं. "तो वाईट माणूस नाही मामा," नीमा म्हणाली. "त्याची बायको अशीच गेली. आकड्या यायला लागल्या, लांबच्या कुठल्याशा दवाखान्यात नेली, तिथं सुई दिली आणि ती गेली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसलंय की आकडीच्या माणसाला सुई लागली की मरण." मी चिडले, दोन-चार शब्द बोलले, जे इथं लिहिण्यासारखे नाहीत. पण जबरदस्तीनं कुणाच्या घरात शिरता येत नाही, ना आपल्याकडे ना तिकडे.

एक धागा तेवढा तुटला नव्हता. डबा. बीबी यायची नाही, पण तिच्या शेजारची हलिमा पाण्याला येताना डबा घेऊन यायची, तळाला चार दाणे. मी चिमूटभर साखर घालून परत पाठवायचे. दाणे पाहिले की मी मनात म्हणायचे, आहे, अजून सगळं ठीक आहे.

आणि आज डबा रिकामा होता.

"गेली," मी म्हणाले. "पोरगी गेली नीमा."

नीमानं खोली बंद केली, कानवाल्या म्हाताऱ्याला पहारेकऱ्याच्या हवाली केलं आणि औषधांची पेटी उचलली.

"अगं, भेटायला चाललोय आपण. पेटी कशाला?"

"मी पेटीशिवाय कुठंच जात नाही."

ती तीन टेकाडं मी कशी चढले ते माझ्या गुडघ्यांना विचारा. मी डबा छातीशी धरला होता. सुतकाच्या घरी आपण रिकामं भांडं घेऊन चाललोय, आपल्याकडे असं कुणी करत नाही, हे मध्येच लक्षात आलं, पण तो ठेवायला जागा नव्हती आणि टाकवतही नव्हता.

घर दिसलं तशी मी थबकले. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. रडारड नाही, बायका जमलेल्या नाहीत. सलूम दारातल्या ओट्यावर बसून कुदळीचा दांडा ठोकत होता. भिंतीशी चुलीजवळ बीबी पाठमोरी बसली होती. दारात उभं राहून 'होडी' म्हणून आवाज द्यायची तिकडे रीत आहे. नीमानं आवाज दिला. सलूम गडबडीनं उठला. मग तुम्ही कशा, घरचे कसे, शेत कसं, दवाखाना कसा, असं त्यांचं भलंमोठं विचारणं सुरू झालं. तिकडे ते टाळता येत नाही. मी उभ्या उभ्या घामाघूम झाले होते आणि डोक्यात एकच: कुणी गेलेलं नाही, मग डबा रिकामा का?

"आज इकडे कसं येणं केलंत?" शेवटी सलूमनं विचारलं.

मी बीबीकडे पाहिलं. तिनं मान वळवली नाही. तिच्या मांडीवर सूप होतं आणि ती दाणे निवडत होती. सूप शेंगदाण्यांनी काठोकाठ भरलेलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात सूपभर दाणे असताना जिनं चार दाणेही डब्यात टाकले नाहीत, ती विसरलेली नव्हती. म्हातारीनं मला बोलावलं होतं. आणि तिनं बोलावलंय हे मुलासमोर मी उघड केलं, तर त्या घरात तिची काय अवस्था होईल हे मला माहीत नव्हतं.

माझ्या जिभेला हाड नाही असं सासरी-माहेरी दोन्हीकडे एकमत आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्या कीर्तीचा उपयोग करायचं मी ठरवलं.

"सलूम," मी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मी भांडायला आलेय."

"भांडायला?"

"हा बघ." मी डबा त्याच्या नाकापुढे धरला. "मी तुमच्या गावात पाहुणी. माझं भांडं तुमच्या घरातून रिकामं आलं. काय चुकलं माझं? एवढ्या महिन्यांत मी कधी रिकामं पाठवलंय?"

माझी भाषा आधीच मोडकी, त्यात राग, त्यामुळे मी नेमकं काय बोलले देव जाणे. पण सलूमचा चेहरा पडला. रीतीभातीचा माणूस होता. त्यानं डबा हातात घेतला, आत पाहिलं आणि शरमेनं खाली मान घातली.

"चूक झाली," तो म्हणाला. "आई, हे कसं झालं?"

बीबी दाणे निवडत राहिली.

"आत्ता भरून देतो," सलूम म्हणाला. "बसा तुम्ही."

"बाहेरच बसू? पाहुणीला आत बोलवायचीही पद्धत मोडलीत का?"

तो दाराच्या चौकटीत उभा राहिला, बाजूला झाला नाही. "आत आजारी माणूस आहे."

"कोण?"

तो बोलायच्या आत, आतूनच आवाज आला. बाई कळा देताना करते तसा नाही, झोपेत कुणी गळा दाबल्यासारखा. मी असा आवाज आधी ऐकला होता. नीमानंही ऐकला होता, ती पेटी उघडायला खाली बसलीही.

"रेहेमा," सलूम म्हणाला. त्याचा आवाज आता वेगळाच येत होता. "सकाळी आकडी आली. वैद्याला बोलवायला माणूस गेलाय. सुई नको. नेसी, मी हात जोडतो, सुई नको. हिच्या आईला तुमच्यासारख्याच बाईनं सुई दिली आणि माझ्यादेखत ती गेली."

एवढा थोराड माणूस, पण डबा हातात धरून माझ्यापुढे वाकला होता. माझा राग कुठल्या कुठे गेला. तो अडवत नव्हता, भ्याला होता.

"सलूम, हिच्या आईला आधी काय आलं? आकडी की सुई?"

"आकडी."

"कधीपासून?"

"सकाळपासून येत होत्या. आम्ही घरीच ठेवली. संध्याकाळी नेली."

"मग तुला सुई दिसली, पण सकाळ नाही दिसली. सुई पोचेपर्यंत उशीर झाला होता रे."

"तुम्ही हमी देता? हिला काही होणार नाही म्हणून?"

खोटं बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. नीमानं माझ्याकडे पाहिलं. पण एवढ्या वर्षांत मी कुठल्याही रोग्याच्या नातेवाइकाला खोटी हमी दिली नव्हती, माझ्या स्वतःच्या यजमानांच्या वेळी मुलालासुद्धा नाही.

"हमी नाही देत," मी म्हणाले. "कुणीच देऊ शकत नाही. पण इथं ठेवलीस तर काय होईल ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही."

सलूम हलला नाही. आत पुन्हा तो आवाज झाला. मग चुलीजवळचं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला आणि बीबी काठी न घेता, भिंतीला धरत उठून उभी राहिली.

"डबा मी रिकामा पाठवला," ती म्हणाली.

सलूमनं वळून पाहिलं. "तू? मुद्दाम?"

"मुद्दाम. तू म्हणालास कुणाला बोलवायचं नाही, मी नाही बोलावलं. एक शब्द बोलले नाही हलिमाजवळ. तुझा शब्द मोडला नाही मी." ती दोन पावलं पुढे आली. "पण हिची आई गेली तेव्हा आख्ख्या गावाच्या टोपल्या मी पुसून पुसून परत दिल्या. आज सकाळी रेहेमाचे डोळे फिरले आणि मला त्या सगळ्या टोपल्या दिसल्या. मी म्हातारी झाले सलूम. मला पुन्हा नाही जमायचं ते. तू दार सोड."

कोंबड्यांचा तेवढा आवाज येत होता. सलूमनं आईकडे पाहिलं, हातातल्या डब्याकडे पाहिलं, आणि मग तो दारातून बाजूला झाला. बाजूला झाला म्हणजे जवळजवळ खाली बसलाच.

त्यानंतर आम्हाला बोलायला फुरसत नव्हती. आत अंधार होता, रेहेमा चटईवर पडलेली, चेहरा सुजून डोळे दिसेनासे झालेले, ओठ दातांखाली सापडून रक्त आलेलं. तिला कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं. नीमानं सुईत आकडी थांबवणारं मॅग्नेशियमचं औषध भरलं. मी सलूमला हाक मारली.

"इकडे ये. हिचे पाय धर."

"मी?"

"तूच. आणि डोळे मिटू नकोस. आज सुई लवकर आलीय, ती बघ."

तो आला. पोरीचे पाय त्यानं असे धरले की जणू ती तान्ही आहे. नीमानं आधी शिरेतून अगदी सावकाश आणि मग दोन्ही कुल्ल्यांत औषध दिलं. सलूमनं शेवटपर्यंत डोळे मिटले नाहीत. औषध रक्तात जाऊन काम करायला लागलं तसं रेहेमाचं ताठलेलं अंग सैल पडलं. सलूमला वाटलं संपलं. मी त्याचा हात धरून तिच्या छातीवर ठेवला. छाती वरखाली होत होती. मग तो जो उठला तो अनवाणीच धावला, आणि शेंगा विकत घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याची पिकअप दारात घेऊन आला. अर्धी पोती व्यापाऱ्यानं रस्त्यावरच उतरवली होती.

मोठ्या इस्पितळापर्यंतचा रस्ता म्हणजे खड्डे आणि धूळ. उरलेल्या पोत्यांना टेकून मी रेहेमाचं डोकं मांडीवर घेतलं होतं, नीमा तिची नाडी धरून, सलूम दोन्ही हातांनी पेटी धरून. मी आमच्या काळभैरीला काय काय बोलले ते सांगत नाही. वाटेत आकडी आली नाही.

मुलगी झाली. मूठभर, पण रडली झकास. रेहेमानं दुसऱ्या दिवशी डोळे उघडून पाणी मागितलं तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला. सलूम व्हरांड्यात उभा होता. मी सांगायला बाहेर गेले तर त्यानं माझे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

गावात परतल्यावर मी थेट बीबीकडे गेले. डबा ओट्यावर होता. तिनं डबा शेंगदाण्यांनी भरला, दाबून दाबून भरला, झाकण लागेना तरी लावलं आणि माझ्या हातात दिला. मी ओट्यावर बसून रडले. का रडले ते नीमानं विचारलं, मला सांगता आलं नाही. आज सांगता येतं. मी निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं होतं की आता कुणाला आपली वाट बघायचं कारण उरलं नाही. आणि सातासमुद्रापलीकडे एका म्हातारीनं, जिच्याशी मला धड चार वाक्यं बोलता येत नव्हती, घरातल्या जिवाची सगळी आशा एका रिकाम्या डब्यात घालून माझ्याकडे पाठवली. तिला खात्री होती, ही येणार. एवढा विश्वास माझ्यावर आयुष्यात कुणी टाकला नव्हता. ती माझे आभार मानत होती, पण उपकार तिचे होते.

निघायच्या दिवशी मी शेवटचे लाडू वळले, त्यांच्याच दाण्यांचे, आणि डबा भरून बीबीला दिला.

"हा आता तुझ्याकडे. पाळी तुझी आहे बरं का."

"एवढ्या लांब कसा पाठवू?"

"घाई नाही. पण रिकामा पाठवू नकोस."

बीबीनं माझ्या नावावरून बोट फिरवलं. "मुक्कामाला ठेवते," ती म्हणाली.

याला आता बरीच वर्षं झाली. नीमाचे फोन येत असतात. गेल्या हिवाळ्यात तिचा निरोप आला की बीबी गेली. सुगी झाल्यावर, झोपेतच, कुणाला त्रास न देता. मी दिवसभर घरात वावरत राहिले, हाताला काम लागेना. आणि पुढच्याच महिन्यात नीमा कसल्याशा प्रशिक्षणाला पुण्याला आली आणि एका रविवारी बसनं थेट गडहिंग्लजला दारात हजर.

स्वयंपाकघरात बसून तिनं माझ्या हातची भाकरी खाल्ली, फोनवर फोटो दाखवले. रेहेमा अंगानं भरलेली, सलूम पांढरा झालेला, आणि त्यांच्यामध्ये शाळेच्या गणवेशात एक दात पडलेली मुलगी. "नाव मरियम," नीमा म्हणाली, "पण गावात सगळे हिला 'डबा' म्हणतात. मास्तरसुद्धा."

हसू आवरल्यावर तिनं पिशवीतून कापडात बांधलेलं काहीतरी काढलं. गाठ सोडायच्या आधीच मला कळलं. माझा डबा. तिनं तो ओट्यावर ठेवला, पण मी हात लावला नाही. सुतकाच्या घरातून आलेलं भांडं कसं असतं ते मला ठाऊक होतं, आणि ते रिकामेपण मला नीमाच्या समोर बघायचं नव्हतं.

"उचला ना," नीमा म्हणाली.

उचलला तर जड. झाकण दोन बोटांनी निघेना, सुरीच्या टोकानं काढावं लागलं. दाणे, टपोरे, लाल, काठाच्याही वर.

"बीबीनं स्वतःच्या हातानं भरलाय," नीमा म्हणाली. "सुगीत, आजारी पडायच्या आधी. आणि रेहेमाला बजावून ठेवलं. म्हणाली, मी गेले की या घरातून भांडं रिकामं द्यावं लागेल, म्हणून मी आत्ताच भरून ठेवते. तो नेसीकडे रिकामा पोचता कामा नये. रिकामा गेला, तर ती बाई त्या गुडघ्यांनी इथवर धावत येईल."

मी डबा मांडीवर घेऊन बसले. खरं सांगते, आले असते मी.